क्लास वन, पण रजिस्ट्रेशन नाही

माझ्या डिस्चार्ज बुकात ट्रेडच्या रकान्यात ‘नर्सिंग असिस्टंट’ लिहिलंय आणि पुढे ‘क्लास वन’. आर्मी मेडिकल कोअरमध्ये ज्यांनी नोकरी केली, त्यांना यापुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बारावी सायन्स करून भरती झालो. लखनौच्या एएमसी सेंटरमध्ये आधी रगडा, मग टेक्निकल ट्रेनिंग. त्यानंतर खालच्या क्लासपासून एकेक परीक्षा देत क्लास वनपर्यंत चढायचं. युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, सकाळची सिक रिपोर्ट, मिलिटरी हॉस्पिटलात वॉर्ड ड्यूटी, फील्डमध्ये जखमी माणसाला मागे पाठवणं, हे सगळं केलं. डोंगरात उंचावर पोस्टिंग होतं तेव्हा रात्री एखाद्याला धाप लागायची आणि खोकल्यातून गुलाबी फेस यायचा. तो हापो, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरणं, आहे हे ओळखायचं, ऑक्सिजन लावायचा, माणसाला हापो बॅगेत घालून पायाने पंप मारत राहायचं. डॉक्टर साहेब खाली, रेडिओवर. हवामान उघडून हेलिकॉप्टर येईपर्यंत तो माणूस आपल्या हवाली.

एवढं करून पेन्शन आलो तेव्हा वय चाळिशीला टेकलं होतं. गाव निफाड तालुक्यात, पण बिऱ्हाड देवळालीला केलं. मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टीन, माजी सैनिकांचा ईसीएचएस दवाखाना, सगळं हाताशी, म्हणून आमच्यासारखे पुष्कळ जण भगूर-देवळाली ते नाशिकरोड या पट्ट्यातच घर करतात. शेती भाऊ बघतो. मला वाटलं होतं, नाशकात इतकी हॉस्पिटलं आहेत, आपल्याला कोण नाही म्हणणार?

एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात गेलो. एचआरमधल्या मुलीने कागद नीट बघितले, चहा मागवला आणि विचारलं, “सर, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर?”

तो नव्हता. असणारही नव्हता. कौन्सिलकडे नाव लागतं ते एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स किंवा बीएस्सी नर्सिंग मान्य संस्थेतून केलेल्यांचं. लष्करातलं ट्रेनिंग त्या यादीत बसत नाही. तिने फार अदबीने दोन पर्याय दिले: वॉर्डबॉय किंवा सिक्युरिटी सुपरवायझर. तिचा राग आला नाही. रजिस्ट्रेशन नसलेल्या माणसाला नर्स म्हणून उभं केलं आणि उद्या काही झालं, तर हॉस्पिटल गोत्यात येणार, हे मलाही कळतं.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. माजी सैनिकांच्या औषधोपचारासाठी 2003 पासून ईसीएचएस योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटी नर्सिंग असिस्टंट घेतात, त्या जाहिरातीत पात्रता लिहिलेली असते: जीएनएम डिप्लोमा किंवा सशस्त्र दलांचा क्लास वन नर्सिंग असिस्टंट कोर्स. म्हणजे सरकारच्या एका खात्यात माझा कोर्स जीएनएमच्या शेजारी बसतो आणि फाटकाबाहेर पडलो की त्याला काही किंमत नाही. पॉलिक्लिनिकच्या जागा मोजक्या, कंत्राट ठरावीक मुदतीचं आणि अर्ज करणारे सगळे आपलेच. तिथे नंबर लागेपर्यंत बसून राहायचं नव्हतं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. कोणीतरी म्हणालं, आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्याच नाशकात आहे, म्हसरूळला, तिथे विचार. गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं की नर्सिंगची पदवी त्यांच्याकडे येते; जीएनएमची परीक्षा मुंबईचं मंडळ घेतं आणि नोंदणी कौन्सिल करतं, तेही मुंबईलाच. जीएनएम नव्याने करायचं तर तीन वर्षं, आणि प्रवेशाला पस्तिशीची अट. ती वाट तिथेच संपली. सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं. तिथले साहेब स्वतः माजी सैनिक, कळवळ्याने बोलले. राज्य सरकारच्या भरतीत आपल्याला समांतर आरक्षण आहे, पण पदाची शैक्षणिक अर्हता पूर्ण करावी लागते, म्हणजे गाडी परत त्याच ठिकाणी. नोकरीच्या शेवटच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, कोर्स मिळतात आणि जवानाला त्याची फी पडत नाही. माझ्या बरोबरीच्या बहुतेकांनी सिक्युरिटीचा घेतला होता, कारण बाहेर पडल्याबरोबर नोकरी मिळते. मी तेव्हा पोस्टिंगवर होतो, कोर्सला सोडलं नाही.

शेवटी ज्या गोष्टीला हात घातला ती म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स. आरोग्य क्षेत्राच्या स्किल कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळतं, वयाची आडकाठी नाही, आणि काम आपल्या हाताला जवळचं: अ‍ॅम्ब्युलन्स आणि कॅज्युअल्टी. एका खाजगी हॉस्पिटलला जोडलेली संस्था होती. फी पेन्शनीतून भरली. घरी सांगितलं तेव्हा मनात धाकधूक होती. बायको म्हणाली, “अहो, बसा की शिकायला. पोरगी बारावीला आहे, दोघं मिळून अभ्यास करा.” आणि खरंच, जेवणाच्या टेबलावर एका बाजूला तिचं बायोलॉजी आणि दुसऱ्या बाजूला माझं, असं वर्षभर चाललं. हृदयाचे कप्पे तिनेच माझ्याकडून दोनदा पाठ करून घेतले.

वर्गात बहुतेक पोरं-पोरी विशी-बाविशीची. पेठ, सुरगाणा, कळवण भागातली बरीच. आम्ही तिघं फौजी मागच्या बाकावर: मी, एक ऑपरेशन रूम असिस्टंट आणि एक तोफखान्यातला. तोफखान्यातल्याने बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंटचं छोटं ट्रेनिंग केलं होतं, बाकी आयुष्य तोफेवर. शिकवायला मॅडम होत्या, सरकारी रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा तिघांना बाजूला घेतलं. “फौजी, तुम्हाला सुई टोचायला मी शिकवणार नाही. तुम्हाला काय येत नाही ते शोधू.”

ही यादी मला वाटलं त्याहून लांब निघाली.

पहिलं म्हणजे औषधांची नावं. लष्करात औषध येतं ते मूळ नावाने आणि स्टोअरच्या पीव्हीएमएस नंबराने. पँटोप्रॅझोल म्हणजे पँटोप्रॅझोल. इथे वॉर्डात सिस्टर ओरडणार, “पॅन फॉर्टी द्या, एमसेट द्या, मोनोसेफ काढा.” औषध ओळखीचंच, पण ब्रँडच्या नावाने हाक मारली की हात अडकतो, आणि कॅज्युअल्टीत हात अडकणं परवडत नाही. मी एक वही केली, डाव्या पानावर ब्रँड, उजव्या पानावर मूळ नाव. दिंडोरी रोडच्या एका मेडिकलवाल्याने दुपारच्या रिकाम्या वेळेत ती भरायला मदत केली.

दुसरं, लहान मूल. माझा सगळा हिशेब तरण्याबांड जवानावर बसलेला: पासष्ट-सत्तर किलोचा गडी, दोरीसारख्या शिरा, अठरा नंबरचा हिरवा कॅन्युला, म्हणजे सलाईनची सुई-नळी, डोळे मिटून घालावा. इथे नऊ महिन्यांचं बाळ, जुलाबाने सुकलेलं, शीर दिसत नाही, चोवीस नंबरचा बारीक पिवळा कॅन्युला आणि आई शेजारी रडतेय. प्रत्येक औषध किलोवर मोजायचं. पॅरासिटामॉल किलोला पंधरा मिलिग्रॅम, मग सिरपच्या बाटलीवरचं प्रमाण बघून त्याचे मिलिलिटर. मॅडम रोज सकाळी पाच गणितं घालायच्या, आणि दशांश चिन्ह चुकलं की म्हणायच्या, “गेलं बाळ.” एवढंच. आवाज न चढवता. आमच्या सेंटरच्या कुठल्याही उस्तादाच्या शिव्यांपेक्षा ते जास्त लागायचं.

तिसरं, बाळंतपण. मी ज्या युनिटांत आणि वॉर्डांत राहिलो तिथे प्रसूतीशी संबंधच आला नाही. इथे तर अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करायचं म्हणजे ते टळत नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून निघालेली बाई घाटातच मोकळी होऊ शकते. आधी रबरी पुतळ्यावर केलं: डोकं दिसू लागलं की ओढायचं नाही, नुसता हाताचा आधार द्यायचा, गळ्याभोवती नाळ आहे का बघायचं, बाळ आलं की पुसायचं, आईच्या पोटावर ठेवायचं, पहिल्या मिनिटात श्वास घेतंय का तेवढंच बघायचं. मग लेबर रूममध्ये उभं राहायची पाळी आली. तिथल्या मावशी म्हणाल्या, “फौजी मामा, भिंतीला टेकून उभे राहा, पडाल.” मी हसलो. गोळी लागलेली मांडी दाबून धरलेला माणूस मी. पण त्यांचं ऐकून टेकून उभा राहिलो, ते बरंच झालं. माझी पोरगी जन्मली तेव्हा मी राजस्थानात होतो, त्यामुळे हे माझ्यासाठी सगळ्याच अर्थांनी पहिलं होतं.

चौथी गोष्ट आमच्याच मातीतली, आणि तीच मला येत नव्हती. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगला असताना संध्याकाळी एकाला आणलं, साधारण माझ्याच वयाचा. घामाने निथळतोय, तोंडातून लाळ, श्वासात घरघर, अंगाला लसणासारखा उग्र दर्प. सोबतचा भाऊ म्हणत होता, ऊन लागलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. “ऑरगॅनोफॉस्फरस. कपडे काढा आधी.” म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकाचं विष. आधी कपडे, मग साबणपाण्याने अंग, केस, नखं. तोवर दुसरीकडे सक्शन आणि अ‍ॅट्रोपिन, या विषावरचं औषध. अ‍ॅट्रोपिन किती द्यायचं ते बाहुल्यांवर नाही, छातीतली घरघर सुकते का यावर ठरतं, हे डॉक्टरांनी डोस वाढवता वाढवताच आम्हाला सांगितलं. विष कपड्यांतून आणि कातडीतून आत जातच असतं. नुसतं सलाईन लावून चालत नाही. आणि धुणाऱ्यानेही हातमोजे घालायचे, नाहीतर तोच पुढचा पेशंट. मी गावी गेल्यावर भावाला पहिल्यांदा फवारणीचे कपडे वेगळे धुवायला लावले. त्याने ऐकलं का, तर अर्धवट.

सापाचंही तसंच. नाग आणि मण्यार श्वास बंद पाडतात. घोणस आणि फुरसं रक्त गोठू देत नाहीत. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग कलतं करून बघायचं, गोठलं की नाही. मशीन लागत नाही, घड्याळ लागतं. बांधलेली दोरी एकदम सोडायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातशेतीकडून पावसाळ्यात पेशंट येतात, त्यातले पुष्कळ आधी कुठेतरी मंत्र घालून आलेले असतात.

पण या सगळ्यापेक्षा मला जड गेले ते नातेवाईक. लष्करात पेशंटच्या खाटेभोवती कोणी नसतं. झोप म्हटलं की झोपतो, गोळी खा म्हटलं की खातो. इथे एका पेशंटबरोबर आठ जण, प्रत्येकाचा फोन चालू, त्यातला एक गावातला पुढारी. संमतीचा फॉर्म, बिलाची काळजी, जनआरोग्य योजनेत बसतं का हा प्रश्न. मी एकदा सवयीने “सगळे बाहेर!” म्हणून असा आवाज दिला की बाजूच्या बेडवरचा म्हातारा उठून बसला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “इथे कोणी तुमच्या हुकमात नाही. एकाला निवडा, त्याला नीट समजावा, बाकीच्यांना तो सांभाळेल.” हे सूत्र मी अजून वापरतो. शक्यतो घरातली वयस्कर बाई निवडतो.

पोलीस केसचं शिकवलं तेही नवं होतं. मारामारीतला जखमी आला तर कपडे कात्रीने कापताना चाकूच्या भोकावरून कापायचे नाहीत, पुरावा जातो. प्रत्येक गोष्टीला वेळ लिहायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय औषध द्यायचं नाही. उंचावरच्या पोस्टवर ज्याने रेडिओवरच्या चार शब्दांवर इंजेक्शनं दिली, त्याला “थांब, ऑर्डर येऊ दे” हे शिकणं म्हणजे पळत्या घोड्याला लगाम. तरी ते बरोबर आहे, असंच माझं मत झालं. तिथे दुसरा कोणी नव्हता म्हणून आम्ही करत होतो. इथे डॉक्टर वीस पावलांवर आहे.

आमच्याकडून वर्गालाही काही मिळालं. मॅडमनी एक दिवस अख्खा तास आम्हाला देऊन टाकला: रक्तस्राव थांबवणं आणि एकाच वेळी अनेक जखमी. सिंहस्थ 2027 मध्ये आहे. 2003 च्या सिंहस्थात नाशकात चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले, तेव्हा ही पोरं बहुतेक जन्मलीही नव्हती. मैदानावर पोरांनाच जखमी करून झोपवलं, गळ्यात चिठ्ठ्या. चालू शकतो तो हिरवा, आधी बाजूला काढा. श्वास मिनिटाला तीसच्या वर, तो लाल, म्हणजे उपचाराला पहिला. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला नाही, लाल. साधा हुकूम पाळत नाही, लाल. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, काळा, म्हणजे गेलेला, पुढे चला. पोरं दरवेळी जो जास्त ओरडतो त्याच्याकडे धावायची. तोफखान्यातला आमचा गडी त्यांना म्हणाला, “ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप पडलाय त्याच्याकडे जा.” काळ्या चिठ्ठीपाशी मात्र सुरगाण्याची एक मुलगी थबकली, पुढे जाईना. तिला कोणी रागावलं नाही. माझंही पहिल्या वेळी तेच झालं होतं, एक्सरसाइजमध्ये, खोट्या जखमीपाशी.

कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी एका रात्री चहा घेताना सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलंय. अमेरिकेतही हीच अडचण होती. नौदलातून सुटलेले वैद्यकीय सहायक हाताने तरबेज, पण बाहेर त्यांना कुठल्याच पदावर बसवता येत नव्हतं. 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून फिजिशियन असिस्टंट हा नवा पेशाच उभा राहिला. आपल्याकडे 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात फिजिशियन असोसिएट हे नाव आलंय, इमर्जन्सी टेक्निशियनसारखे पेशेही आलेत. डॉक्टर म्हणाले, दार आहे, त्यातून तुमच्या लोकांना आत घेणारा जिना कोणी बांधलेला नाही.

माझं मत विचाराल तर ते दोन्ही बाजूंना आवडणार नाही. आमचे फौजी म्हणतात, क्लास वन म्हणजे जीएनएम, सरळ नोंदणी द्या. मी नाही म्हणतो. मूल, बाई, म्हातारं माणूस, विष, कायदा, एवढ्या मोठ्या पोकळ्या घेऊन मी वॉर्डात नर्स म्हणून उभा राहिलो असतो तर कोणाच्या तरी जिवावर आलं असतं. आणि नर्सिंगवाले म्हणतात, पहिल्यापासून तीन वर्षं करा. तेही नाही. बँडेज आणि बीपी चाळिशीच्या माणसाला परत कशाला शिकवता? आधी परीक्षा घ्या, काय येतं ते सोडा, काय येत नाही तेवढं शिकवा, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा, आणि मग नोंदणी द्या. आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची आरपीएलची पद्धत कौशल्य विकासाच्या योजनांत आहेच. ती नर्सिंगच्या नोंदणीपर्यंत पोचत नाही, एवढंच दुखणं.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. बाहेरून परीक्षक आले, स्टेशनं लावली, सीपीआरच्या पुतळ्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीसला दोन श्वास. तोंडी परीक्षेत मला मुद्दाम बाळाचा डोस विचारला. पाच गणितं रोज, कुठे जातात!

आता कोर्सची संस्था ज्याला जोडलेली होती त्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत टेक्निशियन आहे. रात्रपाळ्या जास्त. पगार सिक्युरिटी सुपरवायझरपेक्षा फार वर नाही, हे खरं सांगायला हवं, नाहीतर कोणी भलत्या आशेने यायचा. पेन्शन आहे म्हणून परवडतं. ऑपरेशन रूमवाला मित्र थिएटरमध्ये लागला, त्याला माझ्यापेक्षा बरं मिळतं. तोफखान्यातला अ‍ॅम्ब्युलन्सवर आहे, कसारा घाटाच्या बाजूला.

नोकरीत असलेली पोरं फोन करतात. त्यांना मी कोर्सचं नंतर सांगतो, आधी कागदांचं. क्लासची सर्टिफिकेटं तर घ्याच, पण ट्रेनिंगमध्ये कोणता विषय किती तास शिकवला, कोणत्या वॉर्डात किती महिने काम केलं, हे लेटरहेडवर लिहून घ्या, ऑफिसर साहेबांची सही आणि शिक्क्यासकट. क्लिअरन्स व्हायच्या आधी. एकदा घरी आलात की लखनौच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं. डीजीआरच्या यादीत आरोग्याशी संबंधित काही दिसलं तर ते मागा, सुट्टीचा हिशेब नंतर करा. मागच्या महिन्यात एकाचा फोन होता, वर्षभरात बाहेर पडणारा, सिन्नरचा. त्याने तासांच्या तक्त्यासाठी अर्ज टाकलाय. हेडक्लार्क म्हणतो, असा कागद आजवर कोणी मागितला नाही, नमुना कुठून आणू? मी माझ्या कागदाची झेरॉक्स व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली.